मशीन द्या की पैसे द्या, पण बाळ कोण सांभाळणार ते आधी सांगा

मागच्या महिन्यात एका वास्तुशांतीच्या पंगतीत बसले होते, पानात श्रीखंड, आणि समोरच्या ओळीत लाडक्या बहिणीवरून वाद पेटलेला. एक रिटायर्ड काका म्हणत होते, फुकटचे 1500 देऊन बायकांना आळशी करून ठेवलंय, शेतात खुरपायला माणूस मिळत नाही, त्यापेक्षा प्रत्येकीला शिलाई मशीन द्या आणि पायावर उभ्या करा. पलीकडून एक पोरगा म्हणाला, काका तुमची पेन्शन चालते आणि त्यांचे 1500 खुपतात होय, उलट 2100 द्या, इलेक्शनला कबूल केलंय ना. दोघांच्याही बाजूने माना हलल्या, दोघांनाही आपण जिंकलो असं वाटलं. वाढायला आलेल्या केटररच्या दोन बायका मधून "मठ्ठा? मठ्ठा कुणाला?" करत फिरत होत्या, त्यांना 1500 मिळतात का आणि त्याचं त्या काय करतात हे विचारावं असं कुणालाच वाटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही तेव्हा सुचलं नाही.

पण घरी आल्यावर डोक्यात तेच. माझ्या मते दोघंही चुकीच्या प्रश्नावर भांडत होते. पैसे द्यावेत की काम शिकवावं, असा वाद घातला की मधलं तान्हं मूल, सासू, बसची वेळ, घरभाडं हे सगळं गायब होतं आणि उरते एक काल्पनिक बाई, जी एकतर खाटेवर पडून सरकारचे पैसे खाते नाहीतर मशीन मिळाल्या मिळाल्या उद्योजिका होते. मी तरी अशी बाई पाहिली नाही, आणि बायका मी बऱ्याच पाहिल्यात, नोकरीची पहिली 9 वर्षं सोलापूर जिल्ह्यात बँकेच्या एका तालुक्याच्या शाखेत बचत गटांची खाती माझ्याच काउंटरला होती. महाराष्ट्रात गेल्या दीडशेहून जास्त वर्षांत ज्या ज्या प्रयोगातून अडचणीतल्या बायका खरोखर उभ्या राहिल्या, तिथे आधी त्यांना टेकायला जागा मिळाली होती, म्हणजे छप्पर, जेवण, पोर सांभाळणारं कोणी किंवा हातात थोडा पैसा, आणि त्यानंतर त्यांचं काम विकायची जबाबदारी संस्थेने स्वतःच्या अंगावर घेतली होती. यातलं एक काढलं की दुसरं लंगडतं. आपण सध्या एका खात्यातून नुसते पैसे वाटतो, दुसऱ्या खात्यातून नुसतं ट्रेनिंग वाटतो, आणि या दोन खात्यांची एकमेकांशी साधी ओळख नाही.

आधी त्या मशीनचं बोलू, कारण आपल्याकडे गरीब बाई म्हणलं की पहिली मशीनच आठवते, का कुणास ठाऊक. आमच्या शाखेच्या हद्दीतल्या एका गावात असा वाटपाचा कार्यक्रम झालेला, मी होते तिथे. मंडप, बॅनर, ओळीने 40 काळ्याभोर पायमशीन, प्रत्येकीच्या चाकाला झेंडूचा हार, फोटो काढताना बाईने मशीनवर हात ठेवायचा आणि साहेबांनी बाईच्या डोक्यावरून कॅमेऱ्याकडे बघायचं. घरी न्यायचा टेम्पो ज्याचा त्याने करायचा. गाव केवढं, तर हजारभर उंबरा, आणि गावात आधीचे चार टेलर बसलेलेच होते. आता 40 जणी ब्लाऊज शिवायला बसल्या तर शिवून घेणार कोण? एकमेकींचे शिवायचे? बरं रेडिमेड ड्रेस आणि मॅक्सी आठवडी बाजारात शिलाईपेक्षा स्वस्त मिळायला लागलेले. दीड वर्षाने कर्जाच्या चौकशीला त्याच गावात गेले तर एका घरी मशीनवर टीव्ही होता, एका घरी ज्वारीचं पोतं, एकीने पट्टा तुटला तो आणायला तालुक्याला जावं लागतं म्हणून सोडूनच दिलेलं. एकीचं मात्र दणक्यात चालू होतं, दिवसाला दहा-बारा साड्यांचं पिको-फॉल. कारण विचारलं तर तिची नणंद तालुक्याला साडीच्या दुकानात कामाला, ती येताना पिशवी भरून साड्या आणायची आणि सकाळी घेऊन जायची. म्हणजे त्या घरात खरी चालली ती नणंद. सरकारने 40 मशीन दिल्या, नणंद एकीलाच होती.

मला कोणी स्वावलंबनाची व्याख्या विचारली तर मी ही नणंद सांगेन. गिऱ्हाईकापर्यंत माल कोण नेणार, हा प्रश्न ज्यांनी सोडवला त्यांचंच टिकलं. लिज्जतचं उदाहरण सगळे देतात, 15 मार्च 1959, गिरगावातली चाळीची गच्ची, सात बायका, 80 रुपये उसने, पहिल्या दिवशी चार पाकिटं. ही गोष्ट नेहमी जिद्दीची म्हणून सांगतात आणि जिद्द होतीच, पण तिची रचना कोणी नीट बघत नाही. पापड लाटणाऱ्या बाईला उडीद कुठून आणायचा, भाव काय, पाकीट कुठल्या दुकानात जाणार, उधारी कोण वसूल करणार, यातलं काहीही बघावं लागत नाही. ती शाखेतून मळलेलं पीठ घेते, घरी पोरांकडे बघत बघत लाटते, दुसऱ्या दिवशी वाळलेले पापड जमा करते आणि लाटण्याची मजुरी घेते. न्यायला-सोडायला गाडी असते. पापड बरोबर नसला तर परत येतो, तिथे दयामाया नाही. आज 45 हजारांच्या आसपास बायका त्यात आहेत आणि त्या स्वतःच मालक आहेत. यातली एकही बाई एकट्याने "उद्योजिका" झालेली नाही, हे लक्षात घ्या. धंद्याची जोखीम हजारो जणींत वाटली गेली म्हणून एकेकीला ती झेपली. आपण मात्र एका विधवेला 15 हजाराचं टूलकिट देतो आणि कच्चा माल, मार्केटिंग, उधारी, बिघाड, सगळी जोखीम तिच्या एकटीच्या डोक्यावर ठेवतो आणि वर म्हणतो, बघा हिला संधी दिली होती.

गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांचंही तसंच. कोकणातून, घाटावरून आलेल्या गिरणी कामगारांना त्या जेवण घालायच्या, महिन्याच्या हिशेबाने, आणि पगार अडला की उधारीवर. 1974 च्या संपात कामगारांना उधार जेवू घालता घालता यांचेच दागिने गहाण पडले, सावकाराचं व्याज डोक्यावर बसलं. प्रेमा पुरव, मूळच्या गोव्याच्या, गोवा मुक्तीच्या लढ्यात पायाला गोळी लागलेली बाई, त्यांनी 1975 ला अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून या बायकांना तारणाशिवाय कर्ज मिळवून दिलं. त्यांनी या बायकांना काहीही "शिकवलं" नाही हो, स्वयंपाक त्यांना येतच होता, गिऱ्हाईक दारात होतं. अडलं होतं ते सावकारापाशी, तिथेच हात घातला. आपल्याकडचं निम्मं कौशल्य प्रशिक्षण हे न अडलेल्या जागी हात घालणं आहे असं माझं मत झालंय.

आता काकांची बाजू, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. 2024 च्या जूनमध्ये लाडकी बहीण योजना जाहीर झाली, जुलैपासून लागू, नोव्हेंबरात मतदान, यात वेळ बघून केलेलं राजकारण नाही असं म्हणायला मी काही खुळी नाही. वर्षाचा खर्च 46 हजार कोटी सांगितला होता. 2 कोटींहून जास्त बायका. त्यातून पात्र नसलेल्यांनी घेतले, हजारो पुरुषांच्या नावावर पैसे गेले हे सरकारनेच मान्य केलं, आणि 2025 ला सामाजिक न्याय आणि आदिवासी विकासाचा निधी या योजनेकडे वळवला तेव्हा मंत्रिमंडळातल्याच मंत्र्याने जाहीर नाराजी बोलून दाखवली. म्हणजे दलित वस्तीतल्या मुलींच्या हॉस्टेलचा पैसा काढून तिच्याच आईला 1500 द्यायचे, आणि आईने म्हणायचं सरकार किती चांगलं. हा आक्षेप खरा आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण तो योजनेच्या हिशेबावरचा आक्षेप आहे. काका पंगतीत बोलत होते ते दुसरंच होतं, पैसे दिले की बायका आळशी होतात, हे. आणि ते ऐकलं की मला 1972 आठवतं, म्हणजे वाचलेलं आणि आईकडून ऐकलेलं.

1972 चा दुष्काळ, वि. स. पागे यांची रोजगार हमी, 1977 ला कायदा. तेव्हाही हेच आक्षेप होते, शब्दसुद्धा बदललेले नाहीत. मजूर मिळणार नाहीत, लोक सोकावतील, खड्डे खणायचे आणि बुजवायचे, भ्रष्टाचार होईल. भ्रष्टाचार झालाच, मस्टरवर मेलेली माणसं होती, आमच्या तालुक्यातले किस्से आई सांगायची. तरी त्या कामांवर बायकांच्या रांगा लागल्या, कारण आयुष्यात पहिल्यांदा काम मागायला कोणाच्या ओट्यावर उभं राहायला लागत नव्हतं, आणि कामाच्या ठिकाणी पोरांसाठी सावली, पाणी, सांभाळणारी बाई असावी हे कागदावर तरी आलं. केंद्राच्या 2005 च्या कायद्यातही आलं, सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर एका बाईला मजुरी देऊन त्यांच्याकडे बघायला बसवायचं. आणि याचा खर्च कोणी दिला? शहरातल्या पगारदारांनी. तुमच्या-माझ्या सॅलरी स्लिपवर दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 कापले जातात तो व्यवसाय कर याच कामासाठी सुरू झाला, किती जणांना माहितीये? शहराने गावातल्या मजूर बाईचा भार उचलायचा हा करार या राज्याने 50 वर्षांपूर्वी केला होता.

आळशीपणाचं उत्तर आता नुसत्या किश्श्यांनी द्यायची गरज राहिलेली नाही. बांगलादेशात ब्रॅक नावाच्या संस्थेने 2002 पासून अगदी तळातल्या बायकांसाठी एक पद्धत सुरू केली: गाय किंवा शेळ्या द्यायच्या, पण त्याबरोबर सुरुवातीचे काही महिने रोजच्या खाण्यापुरते पैसेही द्यायचे, बचत करायला लावायची, आणि जवळजवळ दर आठवड्याला कार्यकर्त्याने घरी जाऊन बघायचं, शेळी आजारी आहे का, नवरा विकायला निघालाय का. पुढे हीच पद्धत भारतासह सहा देशांत दहा हजारांवर कुटुंबांत तपासली, 2015 ला निष्कर्ष छापून आले. मदत थांबल्यावर वर्षभरानेही कुटुंबांचं खाणं, कमाई, बचत वाढलेली होती, आणि माणसं कामाचा वेळ कमी करण्याऐवजी वाढवत होती. मला यातला सगळ्यात शहाणा भाग वाटतो तो खाण्यापुरत्या पैशाचा. का दिले ते? कारण उपाशी घरात शेळी टिकत नाही. पहिल्या आजारपणाला शेळी विकली जाते. त्या पैशाने शेळी वाचते. काकांना जे फुकटचे वाटतात ते पैसे म्हणजे मशीन न विकायची किंमत आहे, आणि त्या पोराला जे पुरेसे वाटतात त्यांच्यामागे शेळीच नाहीये.

आपल्याकडे हे कोणी आधी केलं नाही असंही नाही. महात्मा फुल्यांनी 1863 ला पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं तेव्हा दारात आलेल्या विधवेला आधी बाळंतपण करून दिलं, बाकीचे प्रश्न नंतर. कर्व्यांनी 1896 ला अनाथ बालिकाश्रम काढला, 1900 ला तो हिंगण्याला नेला, आणि स्वतः कॉलेज सुटल्यावर चिखल तुडवत रोज तिकडे पायी जायचे. त्याच आश्रमात शिकलेल्या पार्वतीबाई आठवले, केशवपन झालेली विधवा, पुढे एकट्या अमेरिकेला गेल्या, तिथे लोकांच्या घरी काम करून इंग्रजी शिकल्या आणि आश्रमासाठी पैसे जमवले. रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने 1909 नंतर काय केलं बघा, विधवांना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं आणि राहायला वसतिगृह दिलं. तेव्हाच्या पांढरपेशा घरात नर्सिंग म्हणजे नाकं मुरडायचं काम होतं, लोणची-पापड जास्त शोभले असते. पण दवाखान्याला नर्स हवीच होती, तिची गरज कोणाच्या दयेवर नव्हती. आजचे आपले बचत गटाचे स्टॉल बघा, नक्षीदार पणत्या, नाचणीचे लाडू, लोक कौतुकाने एक पाकीट घेतात आणि पुढच्या वर्षीपर्यंत विसरतात. दया म्हणून घेतलेलं पाकीट दुसऱ्यांदा घेतलं जात नाही. मी स्वतःच घेत नाही.

इथे कोणी म्हणेल, ही सगळी मोठमोठी माणसं झाली, एकेक संस्था म्हणजे एकेक वेडा माणूस, असे 36 जिल्ह्यांत कुठून आणणार? बरोबर आहे. आणि त्याहून खोल आक्षेप आहे तो असा की आधार देणारा कधीच मोकळ्या हाताने देत नाही. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन घ्या, 1889 ला मुंबईत सुरू, पुढे पुण्यात. गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे, तिथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. छप्पर, शिक्षण, माया सगळं होतं. पण मुली ख्रिस्ती होतायत म्हणून 1893 ला वादळ उठलं आणि कितीतरी पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई बरोबर की केसरीवाले बरोबर या भांडणात मला पडायचं नाही, दोन्हीकडे अजून माणसं हिरीरीने भांडतात. मला फक्त एवढं दिसतं की भांडण मोठ्यांचं झालं आणि सदनातून बाहेर पडल्या त्या पोरी. आज धर्माच्या जागी मतपेटी आहे एवढंच. हप्ता जमा झाला की फोनवर मेसेज, बॅनरवर भावाचा फोटो, आणि कोणी विरोधात बोललं की नाव कापू अशी भाषा. म्हणून तर मला योजना कायद्यात असण्याचं महत्त्व वाटतं, भाऊबीज भावाच्या मर्जीवर असते, हक्क नसतो. वेड्या माणसांची गरज कमी करायचा मार्गही तोच आहे, कर्व्यांनी जे अंगावर घेतलं ते नियमात लिहायचं.

अजून एक बाजू आहे, जी पंगतीत आलीच नाही. बचत गट. 1992 ला नाबार्डने, म्हणजे शेती आणि ग्रामविकासाच्या सरकारी बँकेने, 500 गटांपासून बँक जोडणी सुरू केली, आज गाव तिथे गट आहे, माविम म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळ आहे, उमेद हे गटांसाठीचं सरकारी अभियान आहे, आणि मी त्यांची खाती बघितलीत म्हणून सांगते, दर महिन्याला 50-100 रुपये टाकून, वहीत लिहून, एकीच्या बाळंतपणाला दुसरीने कर्ज पास करून या बायकांनी जे केलंय ते कुठल्याही मॅनेजरला लाजवेल. म्हसवडला चेतना सिन्हांनी माणदेशी महिला बँक काढायची ठरवली तेव्हा रिझर्व्ह बँकेने पहिल्यांदा लायसन्स नाकारलं, प्रवर्तक बायका अंगठेबहाद्दर म्हणून. बायका सही शिकल्या, परत गेल्या, आणि म्हणाल्या आम्हाला वाचता येत नाही पण व्याज तोंडी सांगतो, तुमच्या साहेबांना कॅल्क्युलेटरशिवाय सांगायला लावा. 1997 ला बँक सुरू झाली. हे ऐकून माझ्या अंगावर अजून काटा येतो. पण याच गटांच्या वाटेवरून मायक्रोफायनान्सवाले आले, दर आठवड्याला हप्ता, एकीचा चुकला तर बाकीच्यांनी भरायचा, मग दुसऱ्या कंपनीचं घेऊन पहिलीचं फेडायचं. 2010 ला आंध्रात हे इतकं चिघळलं की सरकारला वटहुकूम काढावा लागला. कर्ज म्हणजे स्वावलंबन नव्हे, ज्या धंद्यात महिन्याने पैसे येतात त्याला आठवड्याचा हप्ता म्हणजे गळफास आहे, आणि हे कळायला अर्थशास्त्र लागत नाही.

डावीकडचे मित्र म्हणतात, स्वावलंबन हा शब्दच फसवा, सरकारने हात झटकायचे आणि बाईला म्हणायचं तू सक्षम हो. यात दम आहे. अंगणवाडी ताई, आशा, गटांच्या कामाला गावोगाव फिरणाऱ्या सीआरपी ताई, या सगळ्यांना पगार नाही, मानधन. मान आणि धन दोन्ही बेताचंच. 4 डिसेंबर 2023 पासून अंगणवाडी सेविका 50 दिवसांवर संपावर होत्या कशासाठी? जे सरकार स्वतःकडे काम करणाऱ्या बाईला कामगार म्हणायला तयार नाही त्याने दुसऱ्या बाईला स्वावलंबन शिकवावं हा विनोदच आहे. तरीही मी शब्द सोडून द्यायला तयार नाही, पुण्यातल्या कचरावेचक बायकांकडे बघून. 1993 ला कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली, मग महापालिकेने मान्य केलेलं ओळखपत्र आलं, 2008 ला स्वच्छ ही त्यांची संस्था आणि पालिकेचा करार झाला. कचरा सोडा आणि पार्लर शिका असं त्यांना कोणी सांगितलं नाही. आहे तेच काम, पण उकिरड्याऐवजी दारावर, ठरलेल्या फीने, गळ्यात कार्ड घालून. त्यांचा करार वाढवायची वेळ आली की दरवेळी पालिकेत घोळ होतो, ठेकेदार टपलेले असतात, हेही तितकंच खरं. संघटना आहे म्हणून त्या टिकून आहेत.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींची लेक 22 वर्षांची, लग्नानंतर दोन वर्षांत परत आली, कडेवर आठ महिन्यांची मुलगी, नवरा ना नेतो ना सोडतो. मावशी म्हणाल्या, ताई हिला काहीतरी शिकवा. मीच शोधून एका ट्रेनिंग सेंटरला घातलं, ब्युटी पार्लरचा तीन महिन्यांचा मोफत कोर्स, वर सर्टिफिकेट. वेळ 11 ते 4. बाळ आत आणायचं नाही, शिकवणाऱ्या मॅडम चांगल्या होत्या पण नियम म्हणजे नियम. पहिले पाच दिवस मावशींनी दोन कामं बुडवून बाळ सांभाळलं, मग एका बाईने दुसरी पोळीवाली बघितली. बाराव्या दिवशी लेकीने जाणं बंद केलं. सेंटरच्या रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे काय लिहिलं असेल माहितीये, "आवड नाही". मला फोन आला होता, तुमच्या मुलीला इंटरेस्ट नव्हता म्हणून. मी गप्प बसले, काय सांगणार.

आता ती एका पोळी-भाजी केंद्रात जाते, सकाळी 9 ते 3, महिना 9 हजार. बाळ खालच्या खोलीतल्या एका आजींकडे असतं, आजी महिन्याला 1000 घेतात, आणि ते 1000 येतात मावशींच्या लाडक्या बहिणीच्या 1500 मधून. कुठल्याही सरकारी फाईलमध्ये हे पाळणाघर नाही, तीन बायकांनी आपसात उभं केलंय, आणि एक हप्ता लांबला की आजी तोंड फिरवतात. लेकीला स्वतःचे 1500 अजून मिळत नाहीत. 2025 ला ई-केवायसी आली, लग्न झालेल्या बाईने नवऱ्याचा आधार नंबर टाकायचा आणि त्याच्या मोबाईलवर आलेला ओटीपी. ओरड झाली तेव्हा विधवा आणि घटस्फोटितांसाठी वाट काढली, पण नुसती टाकलेली बाई कागदावर विधवाही नसते आणि घटस्फोटितही नसते. ज्याने हाकललं त्यालाच फोन करून म्हणायचं, अहो जरा नंबर सांगता का. तिने केला होता फोन, त्याने उचलला, ऐकून घेतलं आणि हसून ठेवून दिला. परवा पोळ्या लाटताना मावशी विचारत होत्या, "ताई, तुम्ही बँकेतल्या, तो नंबर त्याच्या मोबाईलवर न येता माझ्या मोबाईलवर आणता येतो का हो?"